होडीची डावी कुठली? सांगलीवाडीच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

होडी आली. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून टेम्पोत घालून आंबा घाटानं आणली. फायबरची, बारा फुटी, वापरलेली, पण तळ शाबूत. सोबत दोन वल्ही, डोलकाठी, एक तिकोनी शीड, शिडाच्या तळाशी बांधायची आडवी काठी आणि सुकाणू. उतरवताना गल्लीतली निम्मी माणसं हात लावायला आली.

या वहीत काय लिहायचं ते आजच ठरवते. पावसाळ्याच्या आत आठ जणांना होडीवरच्या दिशांचे शब्द असे शिकवायचे, की हाक कानावर पडताच हात चालला पाहिजे. वल्हवणं नंतर, शीड त्याच्याही नंतर. आधी शब्द.

कारण लिहून ठेवते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. तिथं चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका. आमच्या घराच्या माडीवरून आईला आणि मला ज्या होडीत घेतलं, तीत आम्ही अकरा जण होतो. निम्मे पुढं तोंड करून, निम्मे मागं. पुढचा पोरगा ओरडला, "उजवीकडं घ्या!" वल्हवणारा त्याच्याकडं पाठ करून बसलेला. त्यानं त्याच्या उजवीकडं घेतली. होडी बुडालेल्या गोठ्याच्या पत्र्यावर चढली, कलली आणि पोटरीपर्यंत पाणी आत आलं. माणसं वाचली. आईच्या साखरेच्या आजाराच्या गोळ्यांची पिशवी गेली आणि पुढचे दोन दिवस आम्ही त्या गोळ्यांसाठी जीव मुठीत धरून काढले. त्या पोरांचा यात काहीच दोष नाही. ती जिवावर उदार होऊन आली होती. त्यांनी वापरलेला शब्द अपुरा होता.

१८ जानेवारी

अंगणात विटांवर होडी ठेवून आठ जणांना बसवलं. मी वीस हाका दिल्या, "डावी", "उजवी", आणि प्रत्येकानं त्या बाजूचा काठ धरायचा. वीसपैकी एकाही हाकेला आठही हात एका बाजूला गेले नाहीत. जाणारच नव्हते, कारण समोरासमोर बसलेल्या दोघांची उजवी कधी एक होत नाही.

सगळ्यात धाकटा म्हणाला, "आक्का, उजवी कुणाची? तुमची का माझी?"

सगळा प्रकल्प या एका प्रश्नात आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर तात्यांना घेऊन आयर्विन पुलावर गेले. तात्या पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, सगळी नोकरी कालव्याच्या काठानं गेली. त्यांना धाकट्याचा प्रश्न सांगितला. ते कठड्याला टेकले आणि म्हणाले, "धोमचा डावा कालवा कुठला, हे कसं ठरतं ठाऊक हाय का? धरणाकडं पाठ करायची, पाणी जातंय तिकडं तोंड. डाव्या हाताला तो डावा. मग तू कुठनं बी बघ, वाईतनं बघ न्हाईतर साताऱ्यातनं, डावा तो डावाच."

नदीचा तीरही असाच ठरतो. पुलावर उभं राहून हरिपूरकडं, म्हणजे पाणी वाहतं तिकडं तोंड केलं तर सांगली शहर डाव्या हाताला आणि आमची सांगलीवाडी उजव्या हाताला. वळून वरच्या अंगाला तोंड केलं की माझे हात बदलतात, पण सांगली डाव्या तीरावरच राहते. डावं-उजवं नदीला बांधलेलं आहे, माझ्या अंगाला नाही.

होडीचंही हेच आहे. होडीच्या पिछाडीला उभं राहून तोंडाकडं बघायचं. डाव्या हाताची बाजू ती पोर्ट, उजव्या हाताची स्टारबोर्ड. मग आत कोण कुठं तोंड करून बसलंय याचा काही संबंध नाही. मी हे चार ठिकाणी वाचलं होतं, पण मनात बसलं ते तात्यांच्या कालव्यानं.

परत येताना तात्यांनी बैलांचंही सांगितलं. डावीला चालायची सवय लागलेला बैल उजवीला जुंपला की बिथरतो. औत हाकणारा मागं उभा असो की बैलाच्या पुढं येऊन कासरा धरून चालत असो, डावीचा बैल डावीचाच. आमच्या गटात पाच जण शेतकरी घरातले आहेत. उद्यापासून त्यांना बैलांवरूनच सांगणार.

२ फेब्रुवारी

ज्यांची होडी घेतली त्या तांडेलमामांशी फोनवर तासभर बोलले. त्यांचे शब्द: होडीचं पुढचं निमुळतं टोक म्हणजे नाळ. मग डोलकाठी, शीड, सुकाणू. त्यांच्या मोठ्या होडीवर शीड ज्या तिरक्या वाशाला बांधतात ते परभाण. आपल्या होडीला ते नाही. नाळ हा शब्द मला फार आवडला. पाण्याला पहिली भिडते ती नाळ. वहीत मोठ्या अक्षरात लिहिला.

मामा म्हणाले, "शब्द कुठलेही घ्या ताई, पण एका होडीवर एका वस्तूला एकच शब्द ठेवा."

८ फेब्रुवारी

रंग दिला. पोर्ट बाजूला काठाखाली लाल पट्टा, स्टारबोर्डला हिरवा. हे रंग आम्ही काढलेले नाहीत. समुद्रात रात्री प्रत्येक जहाजाला पोर्टला लाल आणि स्टारबोर्डला हिरवा दिवा लावावा लागतो, १९७२ चा आंतरराष्ट्रीय नियम आहे. प्रत्येक दिवा नाकासमोरून आपल्या बाजूनं साडेएकशेबारा अंशांपर्यंतच दिसतो, आणि उरलेल्या एकशेपस्तीस अंशांत मागचा पांढरा. म्हणून अंधारातही समोरच्या होडीचं तोंड कुठं आहे ते कळतं. नुसता लाल दिसला तर ती आपल्याला डावी बाजू दाखवतेय. लाल-हिरवा दोन्ही दिसले तर ती सरळ आपल्या अंगावर येतेय.

आजपासून अंगणात "डावी-उजवी" बंद. हाक फक्त "लाल" आणि "हिरवी".

१० फेब्रुवारी

वीसपैकी सतरा हाकांना आठही हात बरोबर. उरलेल्या तीन हाकांना एकच पोरगा चुकत होता, आणि चुकताना गोंधळलेला दिसत होता. त्याला बाजूला घेऊन विचारलं. त्याला लाल आणि हिरवा एकसारखे मातकट दिसतात. घरी सोडून कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

तो नसता तर माझ्या लक्षात आलं नसतं की पुरातल्या रात्री, वीज गेलेली असताना, रंग कुणालाच दिसणार नाही. काठावरून फिरवलेल्या दोरीला लाल बाजूला दर हातभर अंतरावर एक गाठ मारली, हिरव्या बाजूला दोन-दोन. डोळे बांधून सगळ्यांनी हात फिरवला. एकही चुकला नाही.

१ मार्च

पाण्यात. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असल्यानं पात्र तुडुंब आणि जवळजवळ स्थिर आहे, शिकायला याच्याइतकं चांगलं पाणी मिळणार नाही. लाइफ जॅकेटशिवाय कुणी पायरी उतरायची नाही. बंधाऱ्याच्या अंगाला जायचं नाही. पाण्यात हात सोडून बसायचं नाही. कृष्णेत मगरी आहेत आणि भिलवडी, डिग्रज भागात माणसांवर हल्ले झालेत. पोरांना हे तीनदा सांगितलं, चौथ्यांदाही सांगेन.

२ मार्च

वल्हवणाऱ्याचा प्रश्न. वल्ही मारणारा पिछाडीकडं तोंड करून बसतो, म्हणजे जायचं तिकडं त्याची पाठ. त्याच्या उजव्या हातातलं वल्हं होडीच्या लाल बाजूचं आहे. २०१९ ला नेमकं इथंच चुकलं. आता त्याच्या उजव्या मनगटाला लाल फडकं बांधतो आणि डाव्या मनगटाला दोन गाठींची सुतळी. "लाल ओढ" म्हटलं की लाल फडक्याचा हात ओढतो. होडीचं तोंड हिरवीकडं वळतं.

इथं पोरांचा घोळ झाला: लाल ओढल्यावर तोंड हिरवीकडं जातं, मग हाक कशाची द्यायची? बराच वेळ यावर बोललो. ठरलं असं की पुढं बसलेल्यानं वल्ह्याचं काही बोलायचंच नाही. होडी कुणीकडं वळायला हवी तेवढंच सांगायचं. कुठला हात ओढायचा ते वल्हवणाऱ्याचं काम.

९ मार्च

धाकट्याची आज्जी घाटावर बसून बघत होती. म्हणाली, पूर्वी काहिलीतनं नदी ओलांडायचो तवा असलं काय नव्हतं. खरंच आहे. गुळाची काहील गोल, तिला ना तोंड, ना पिछाडी, ना डावी-उजवी. ती गरगर फिरत जायची आणि नावाडी काठावरच्या खुणांवर हाकायचा: "देवळाकडं", "पिंपळाकडं". ही खुणांची पद्धत मी टाकून देणार नाही. पुरात नवखा माणूस होडीत असेल तर त्याला "लाल" कळणार नाही, "टाकीकडं" कळेल. पण अट एकच, खूण दोघांना दिसली पाहिजे. वल्हवणाऱ्याला ती दिसत नाही.

५ एप्रिल

सुकाणू बसवलं. सुकाणूचा दांडा हिरवीकडं ढकलला की तोंड लालकडं जातं. आपण दांड्याची भाषा बोलायची की तोंडाची?

माणसांनी यात पूर्वी भरपूर किंमत मोजली आहे. जुन्या काळी इंग्रजी जहाजांवर हुकूम दांड्याचा असायचा. "स्टारबोर्ड" म्हटलं की दांडा स्टारबोर्डला, म्हणजे जहाज पोर्टला. १९१२ मध्ये टायटॅनिकसमोर हिमनग आला तेव्हा सुकाणूवाल्याला हुकूम मिळाला स्टारबोर्डचा, आणि जहाजाचं तोंड वळलं पोर्टला. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते बरोबरच होतं. पण जहाजं चाकानं वळायला लागून जमाना झाला होता, तरी बोली दांड्याचीच राहिलेली. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती पद्धत बदलली आणि हुकूम जहाजाच्या तोंडाचा झाला.

आमचं २ मार्चला वल्ह्यांबाबत ठरलंय तेच सुकाणूला लागू. हाक तोंडाची.

१२ एप्रिल

आज काही नाही. ऊन फार, तिघंच आले.

१९ एप्रिल

वारा शिकवायचा होता आणि मला सांगायलाच येईना. होडीची वाऱ्याकडची बाजू आणि वाऱ्याआडची बाजू. फळ्यावर बाण काढले, पोरं माना हलवत होती, पण चेहरे कोरे.

घरी आईला सांगितलं. ती होडीचं नाव काढलं तरी उठून आत जाते, जानेवारीपासून एकदाही घाटावर आलेली नाही. आज ती गेली नाही. म्हणाली, "उफणताना वावडीवर (उंच तिवईवर) उभं राहायचो तवा पहिलं काय बघायचो? वारं कुठनं येतंय. दाणं पायाखाली पडतंय आन् कोंडा पडतोय पलीकडं. कोंडा पडतोय ती तुझी वाऱ्याआडची बाजू. त्या बाजूला लेकरू कधी बसवायचं न्हाई."

दुसरं तिनंच काढलं: "वारं फिरलं की वावडी फिरवायला लागायची. खळं तिथंच, पण कोंड्याची बाजू बदलायची."

हेच तर मला बाणांनी सांगता येत नव्हतं. लाल बाजू कधी बदलत नाही, ती होडीला बांधलेली आहे. वाऱ्याकडची बाजू वाऱ्याला बांधलेली. होडी वळली की जी लाल बाजू आत्ता वाऱ्याआड होती तीच वाऱ्याकडची होते. आणि डावा-उजवा तीर नदीला बांधलेला. प्रत्येक शब्दाचं दावं वेगळ्या खुंट्याला आहे. शब्द ऐकला की आधी खुंटा बघायचा.

२० एप्रिल

भुसकट घेऊन घाटावर गेलो आणि होडीतून मूठ-मूठ उधळली. अर्ध्या तासात आठही जणांना कळलं.

३ मे

शीड चढवलं. पुरात शिडाचा उपयोग नाही. विजेच्या तारा, झाडं, छपरं यांच्यामधून शीड घेऊन कुणी जाणार नाही. गटातल्या दोघांचं म्हणणं होतं की मग हे काढून टाकू, वेळ जातो. मी ठेवलं. वल्ह्यांवर वाऱ्याकडं दुर्लक्ष करून भागतं, दंडात जोर असला की झालं. शिडावर भागत नाही. वारा कुठून आहे हे क्षणभर विसरलं की होडी थांबते नाहीतर कलंडते. वाऱ्याचे शब्द अंगात मुरायला शिडाइतका चांगला गुरू नाही. आणि पोरं उन्हातसुद्धा येतात ती शिडासाठी, हेही आहे.

संध्याकाळी पश्चिमेचा वारा धरतो. नदी इथं साधारण दक्षिणेला जाते, त्यामुळं वारा आडवा मिळतो. जाताना आणि येताना दोन्ही वेळा होडी पळते. पात्राच्या धारेनं जाताना वारा हिरव्या बाजूनं, शीड लाल बाजूवर. वळून वर येताना वारा लाल बाजूनं, शीड हिरवीवर. वारा ज्या बाजूनं येतो तिचं नाव त्या चालीला: पहिली चाल स्टारबोर्ड टॅक, दुसरी पोर्ट टॅक. दोन शिडाच्या होड्या समोरासमोर आल्या तर पोर्ट टॅकवालीनं वाट सोडायची. दोघींची चाल एकच असेल तर वाऱ्याकडचीनं वाऱ्याआडचीला वाट द्यायची. आपल्या नदीवर दुसरी शिडाची होडी नाही, तरी नियम पाठ करून घेतला.

१० मे

थेट वाऱ्यात होडी जात नाही. वाऱ्याच्या दोन्ही अंगाला साधारण पंचेचाळीस अंशांत शीड नुसतं फडफडतं. तिकडं जायचं तर नागमोडी, एकदा लाल बाजूला वारा घेऊन, एकदा हिरव्या. पसरणी घाट चढताना गाडी सरळ डोंगराला भिडत नाही, तसं.

पिछाडीकडून वारा असताना वळणं जास्त धोक्याचं. शीड एका झटक्यात पलीकडं जातं आणि खालची काठी डोक्याच्या उंचीवरून फिरते. त्या वेळची हाक एकच: "डोकं!" यात दिशा सांगायची नाही, आधी सगळ्यांनी वाकायचं.

१७ मे

आज घात होता होता राहिला. वारा जोरात, मी पिछाडीला सुकाणूवर. पुढं बसलेला ओरडला, "नाळ! नाळ!" पुढं पाण्यात काहीतरी दिसलं होतं. मला ऐकू आलं "लाल! लाल!" मी तोंड लालकडं घेतलं आणि पाण्याखालच्या खुंटाला घासून गेलो. फायबरला वीतभर ओरखडा, लाल बाजूलाच.

नाळ आणि लाल. अंगणात कधी घोटाळा झाला नाही. वाऱ्यात पहिलं आणि शेवटचं व्यंजन उडून जातं आणि मधला "आ" तेवढा पोचतो.

१८ मे

रात्री झोप आली नाही. इंग्रजांचंही असंच झालं होतं. स्टारबोर्ड हा शब्द मुळात सुकाणूच्या बाजूचा. पूर्वी सुकाणूचं मोठं वल्हं उजव्या अंगाला असायचं. ते धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या बाजूनं बंदराला लावायचे. त्या डाव्या बाजूला पूर्वी लारबोर्ड म्हणत. स्टारबोर्ड आणि लारबोर्ड, वादळात कुठला कुठला ते कळायचं नाही. शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलानं लारबोर्ड बंद करून पोर्ट हा शब्द सक्तीचा केला. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला शब्द त्यांनी सोडला.

मला नाळ सोडायची नव्हती. पण हाकेतून काढली. हाकेत आता "तोंड", जो आमच्या नदीवर सगळे म्हणतातच. वहीत आणि बोलण्यात नाळ राहील. तांडेलमामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बरोबर केलंत.

आता प्रत्येक हाक वाऱ्यात पन्नास पावलांवरून ओरडून तपासायची. लाल, हिरवी, तोंड, पिछाडी, थांब, डोकं. आज सगळ्या तपासल्या. "थांब" आणि "लांब" जुळतात. "लांब" कुणी वापरायचा नाही.

३१ मे

घराला होडी लावायचा सराव. घाटाची एक भिंत म्हणजे पुरातली माडी असं धरलं. धारेबरोबर येऊन भिंतीला लावलं की होडी पुढं निसटते, हातात राहत नाही. खालून, धारेकडं तोंड करून हळूहळू वर यायचं. वल्ही थांबवली की होडी आपोआप मागं सरते, भिंतीवर आदळत नाही. हाक: "तोंड धारेला, लाल भिंतीला." एका हाकेत दोन खुंटे, नदीचा आणि होडीचा. सहा वेळा केलं. पाच वेळा नीट लागली. एकदा वाऱ्यानं दूर लोटली, कारण आम्ही वारा बघितला नव्हता.

आज आई घाटावर येऊन वरच्या पायरीवर बसली. बोलली काही नाही.

८ जून

बरगे काढायला सुरुवात झाली, पाणी उतरतंय. होडी वर घेतली आणि देवळामागच्या चौथऱ्यावर पालथी घातली, तोंड नदीकडं. वल्ही आडोशाला बांधली. किल्ली दोघांकडं: तात्या आणि धाकटा. राहिलेली कामं: ओरखड्यावर फायबरचा लेप, आणखी चार लाइफ जॅकेट, वल्ह्याच्या एका कडीचा नट.

पालथी होडी बघून धाकट्यानं विचारलं, "आक्का, आता लाल कुठली?" पालथी घातल्यावर पिछाडीला उभं राहिलं की लाल पट्टा उजव्या हाताला येतो. मी उत्तर द्यायच्या आत आई पुढं झाली. काठाखाली हात घालून तिनं दोरी चाचपली. एक गाठ लागली. पुढं सरकून परत चाचपली, परत एक.

"ही," ती म्हणाली.

मग पलीकडच्या बाजूला गेली आणि दोन-दोन गाठी मोजत तोंडापर्यंत चालत गेली.